हजेरीपट

पाणी मोजून मिळायचं. माणशी अर्धा लिटर.
हजेरीपटावर जितकी नावं, तितके अर्धे.

अंधार पडला की मी खेचर हाकत वर जायचो.
काँतेस्सा तिचं नाव. एका डोळ्यानं अधू,
खुरांना गोणपाट, दगडांनी चहाडी करू नये म्हणून.
पाठीवर चार बुधले, आणि आत डुचमळणारा तो आवाज
पलीकडचे ऑस्ट्रियनही कान टवकारून ऐकत असणार.
त्यांचीही विहीर आटलेली.

कार्सोच्या पठारावर माती नाही.
खंदक म्हणायचं, पण खणलेलं काही नाही,
सुरुंगानं फोडलेला चुनखडीचा कातळ
कमरेइतका खोल, त्यावर धोंड्यांची रास.
तोफेचा गोळा पडला की
गोळ्यापेक्षा कातळच जास्त जणांना मारायचा.
मेलेल्याला पुरता येत नाही. दगडांनी झाकायचं.
आणि रात्री रास ढासळली
की तेच दगड काढून पुन्हा वर रचायचे.

पहाटे माणसं धोंडे चाटताना दिसायची, दवासाठी.
शर्टाच्या शिवणीवरून मेणबत्ती फिरवली
की उवा तडतडायच्या, फुटाण्यांसारख्या.
तेरेन्झिओ न्हावी थुंकी लावून दाढ्या करायचा;
ऑगस्ट लागला, थुंकी संपली,
वस्तरा त्यानं फडक्यात गुंडाळून ठेवला.

त्या रात्री मी विचारलं, किती?
सार्जंट फाद्दा म्हणाला, एकतीस.
मी अंधारात डोकी मोजली. एकोणीस.
पुन्हा मोजली.
"झोपलेत काही," तो म्हणाला,
माझ्याकडे न बघता.
मी बुधला तिरका केला
आणि एकतीस अर्धे ओतले.

असं नऊ रात्री.
बारा जण मरून हजर होते.
त्यांचं पाणी उरलेल्यांच्या घशाखाली जात होतं
आणि त्यांच्या घरी कळवायचा कागद
फाद्दाच्या खिशात घामानं मऊ होत होता.

दहाव्या रात्री बुधल्यांबरोबर टपाल नेलं.
एकच पत्र. बाकीझिओला, सार्डिनियाहून.
अक्षर पाद्र्याचं, तोंड आईचं:
मेंढीला जुळं झालंय, एक पांढरं, एक काळं.
काळ्याला व्यापारी चांगला भाव देतोय.
विकू का? तू म्हणशील तसं.

बाकीझिओ चार हातांवर, दगडांखाली.
त्याचे बूट न्हाव्याच्या पायात.

कुणी बोलेना.
मग वाद सुरू झाला, कुजबुजत, पण खराखुरा.
काळी लोकर रंगवावी लागत नाही, ठेवावं.
थंडीत म्हातारी काय खाईल, विकावं.
पांढरं नर आहे की मादी, ते का नाही लिहिलं बाईनं?
ओठ चिरलेले, शब्दागणिक रक्त यायचं,
तरी कुणी माघार घेईना.
नऊ रात्री त्याचं पाणी प्यायलेली माणसं ती.
मला उजाडायच्या आत उतरायचं होतं.
मी थांबलो. माझंही मत विचारलं.
आमच्याकडे शेळ्या, मी म्हटलं, मला मेंढ्यांतलं कळत नाही.

फाद्दानं पेन्सिल जिभेवर ओली केली,
कशानं, देव जाणे,
आणि लिहिलं: विकू नको.
खाली बाकीझिओची सही, तो करायचा तशीच.
एक फुली.

मग खिशातला दुसरा कागदही काढला
आणि दोन्ही माझ्या हातात दिले.
"उद्यापासून एकोणीस," म्हणाला.

त्यातला कुठला आधी पोचला, मला माहीत नाही.
कोकराचंही नाही.

उतारावर काँतेस्सा अचानक थांबली.
मान वळवून, रिकाम्या बुधल्याच्या बुचाला नाक लावून
बराच वेळ उभी राहिली.
पूर्वेला फटफटत होतं, तिकडच्या बंदुकांना आम्ही दिसलो असतो.
मी दोर ओढला नाही.