मान कलती ठेव

सबनीस मॅडम फळ्यावर आकाश काढतात
खडूच्या तीन रेघांत:
पृथ्वी, उपग्रह, आणि मधलं ते सगळं
ज्याला त्या तोटा म्हणतात.
दोनशे पाच डेसिबल, नुसत्या अंतराचा.
यात पाऊस धरला नाही, म्हणाल्या,
वायरी धरल्या नाहीत,
डिश वाऱ्याने हलली तर त्याचं वेगळं.
एवढं वजा जाऊन खाली काय पोचतं मग,
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.
ऐकायचं ठरवलं तर पुरेसं पोचतं, म्हणाल्या,
आणि डस्टरने पृथ्वी पुसली.

मी तो हिशेब वहीत उतरवला
मेसच्या हिशेबाशेजारी.

गुरुवारी प्रात्यक्षिक, जुन्या इमारतीच्या गच्चीवर.
नैर्ऋत्येला सिंहगडाचा मनोरा, काडीएवढा.
खालून मेट्रो गेली की टाकीतलं पाणी थरथरतं.
माझं उत्तर तयार होतं:
पुणे साडेअठरा अंश उत्तर,
उपग्रह साडेत्र्याण्णव पूर्व,
दिगंश एकशे एकतीस पूर्णांक सहा,
उन्नतांश अठ्ठावन्न पूर्णांक आठ.
तीनदा तपासलेलं, दशांशापर्यंत बरोबर.
मीटरवर शून्य.
पाच जणांच्या गटात प्रत्येकाने डिश एकेकदा ढकलून पाहिली.
शून्य.
झगडेमामा किल्ल्यांचा जुडगा वाजवत म्हणाले,
चारला कुलूप लावणार मी, आकाश उद्याही असतंय.

माझे अब्बा टेंभुर्णीत डिश बसवतात.
हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं.
कुणी विचारलंच नाही, असं मी स्वतःला सांगायचे.
खोटं आहे ते. अनिकेतने विचारलं होतं पहिल्याच आठवड्यात.
इलेक्ट्रॉनिक्सचा धंदा, म्हणाले होते मी.

टाकीच्या आडोशाला जाऊन फोन लावला.
ते कुणाच्यातरी पत्र्यावर होते,
मागे ड्रिलचा आवाज, कुत्रं, एक बाई
"आमच्या सिरियलच्या आत लावा हो" म्हणणारी.
मी आकडे सांगितले.
आकडे ऱ्हाऊ दे, म्हणाले. तोंड कुठं हाय तिचं?
आग्नेयेला, मी म्हणाले.
दोन दिशा त्यांना होकायंत्राशिवाय ठाऊक,
एक नमाजाची, एक ही.
मग बरोबर हाय. आता केसभर हलव आन् थांब.
दम खाऊ दे रिसीव्हरला.
तुमी शिकलेली पोरं लगीच पुढं ढकलता.
आन् एलएनबी सरळ लावलीस व्हय, रेहाना?
मान कलती ठेव तिची. अर्धी.
कमी ऐकू येणारा माणूस ठेवतो बघ, तशी.

मी मान कलती केली.
केसभर हलवलं.
थांबले.
मोजलं नाही किती, पण मेट्रो एकदा येऊन गेली.

मग मीटर चढला, आणि छोट्या पडद्यावर
आधी चौकोन, चौकोनांत एक मिशी,
मग अख्खा माणूस,
डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल बोलत होता.
आम्ही पाचही जण ऐकत बसलो
जणू आमच्या बागा होत्या.
झगडेमामासुद्धा. कुलूप हातातच.

रात्री वसतिगृहात सूत्र मांडलं.
रेखांशांच्या फरकाची ज्या,
भागिले अक्षांशाची स्पर्शज्या.
पंचेचाळीस पूर्णांक एक.
त्यांच्या भाषेत, अर्धी.
ते पान मी बराच वेळ उलटलं नाही.

तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं,
हा कोन पुस्तकात पुढच्या धड्यात आहे,
तुला आधी कुठून कळला?
टेंभुर्णीहून, मी म्हणाले.
अनिकेतने मान वर केली.
मॅडमनी काहीतरी लिहिलं. काय, ते दिसलं नाही.

अब्बांना तो तोट्याचा आकडा सांगितला नंतर.
दोनशे पाच, आणि ही शून्यं किती होतात तेही.
पलीकडे शांत झालं. वाटलं, रेंज गेली.
मग म्हणाले,
एवढं वाटेत सांडून बी
लोक मला म्हनत्यात, चित्र जरा फिकं येतंय ओ.