सतरावा प्रश्न

केगावच्या कॉलेजबाहेर, सकाळी सव्वासातला,
मी लावण्याचं जॅकेट धरून उभा.
खिसेवालं आत चालत नाही.
कानातलेही माझ्याच मुठीत.

मी पुण्याला गेलो होतो रात्रीच्या पॅसेंजरनं,
कुर्डुवाडीला उगाच तासभर.
दोन पेन्सिली, दोन्हीकडून टोकदार,
आणि फडक्यात कडक भाकरी.
दोनशे जणांनी एकदम सील फाडलं.
तो आवाज आठवतो, गणितं नाही.
मग गोळे भरत बसलो,
वडील टॉवेलचा काठ तपासायचे तसा, वाकून.
एक खोडताना कागदच गेला.

आता कागद नाही.
घड्याळ पडद्यावर उलटं पळतं,
आकडेमोडीला यंत्र तिथंच.
काही प्रश्नांना पर्यायच नसतात म्हणे,
नुसता चौकोन. तुझं तू लिही.
"आणि नान्ना, चाळीस मिनिटं झाली
की तो भाग बंद. मागं जाता येत नाही."

आम्हाला यायचं.
सतरावा सोडून पुढं गेलो होतो,
शेवटी परत त्याच्यापाशी आलो,
सुटला.

मुलाखतीचं पत्र आलं
तेव्हा आमचे सहापैकी चार माग बंद होते.
वडिलांनी विचारलं, कसलं रे?
लाइटबिल, म्हणालो.

पावणेअकराला लावण्या बाहेर आली.
पेपर कसा गेला ते नाही,
आधी कानातले मागितले.
मुठीत एकच.
पार्किंगच्या खडीत आम्ही दोघं
वाकून, आल्या वाटेनं,
शोधत निघालो मागं.