सरस

नागाळा पार्कातल्या एका जुन्या बंगल्यात
जपानी धाटणीच्या चित्रांचं संग्रहालय आहे म्हणून
आबांना घेऊन गेले, मंगळवारी, भर दुपारी.
दारातच शमा मुजावर म्हणाली, चपला इथं.
आबांनी काढल्या, जोडाचं तोंड
बाहेरच्या बाजूला वळवून ठेवलं,
शिडी चढण्याआधी ठेवायचे तसं.

आकाराम पेंटर. चाळीस वर्षं
थिएटरांचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, निवडणुकीच्या भिंती.
पैसे फुटावर.
नायिकेचा एक डोळा आमच्या न्हाणीएवढा,
त्यातला पांढरा ठिपका सगळ्यांत शेवटी.
तो पडला की आई म्हणायची,
आता बघायला लागली बाई.

पहिल्याच चित्राशी थांबले.
रेशमावर एक बगळा, खालच्या कोपऱ्यात.
बाकी काही नाही.
पाणी म्हणावं तर रेघ नाही,
आभाळ म्हणावं तर रंग नाही.
आबा मागं सरले, पुढं आले,
हवेतच वीत टाकून माप घेतलं.
"आठ बाय पाच. चाळीस फूट.
त्यात रंगवलंय दोन.
आमच्या शेठनं अडतीस फुटांचं पैसं कापलं असतं."

शमा हसली. मी नाही.
ते थट्टा करतात
तेव्हा आत काहीतरी जुळवत असतात.

पुढच्या खोलीत टेबलावर
रंगांचे दगड, आणि बरण्यांत त्यांचीच पूड:
मोरचुदी निळा, शेवाळी हिरवा,
जाळलेल्या हळदीसारखा एक.
शिंपल्यांचं पीठ, बोटाला लागेल न लागेल इतकं मऊ.
शेजारी पिवळट, अर्धपारदर्शक काड्या.
शमा सांगायला लागली, ही जनावराच्या कातड्यापासून...
तोवर काडी आबांच्या नाकाशी.
"सरस," म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही.

रविवारी आमच्या स्टोव्हवर सरस चढायचा
आणि गल्लीतल्या खिडक्या धडाधड मिटायच्या.
आई पदर नाकाला लावून ढवळायची.
उकळी येऊ देऊ नको, जोर मरतो त्याचा,
आबा अंगणातून ओरडायचे.
तिच्या शालूला तो वास, माझ्या दप्तराला तो वास.
शाळेत मी बाकाच्या टोकाला बसायचे.
तिला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

"तिकडं बी असाच शिजवत्यात?"
"हो आजोबा, मंद आचेवर."
"उकळी?"
"अजिबात नाही."
परमुलखात कुणी गाववाला भेटावा
तशी मान हलवली त्यांनी.

आणि परत बगळ्याकडे.
भिंतीला गाल टेकवून, एका डोळ्यानं,
कडेनं बघत राहिले, पट्टीचा बाक तपासावा तसे.
"हिकडं ये. ते मोकळं न्हवं गं.
शिंपल्याचा हात फिरवलाय, आठ-दहा डाव.
एक वाळला की दुसरा.
चाळीसच्या चाळीस फुटांचं द्यायला पायजेत."

अभिप्रायाच्या वहीत लोकांनी पानं भरली होती.
आबांनी एकच शब्द लिहिला: सरस.
खाली उजव्या कोपऱ्यात, बोर्डावर करायचे तशी,
मुंगीएवढी सही.
शेरा की जिन्नस, मी विचारलं नाही.

येताना चप्पल लाइनीत रिक्षा थांबवायला लावली.
सरस हाय का? दुकानातलं पोरगं
मोबाईलमधून वर न बघता म्हणालं,
सोल्यूशन आहे. पटकन चिकटतंय.

आबा रिक्षात येऊन बसले.
घर येईपर्यंत
उजव्या हाताची दोन बोटं
नाकाशी धरून होते.