वीस फेऱ्या

निपाणीत तंबाखूच्या वखारीसमोर हवा भरताना
भरमाण्णानं वही दाखवली:
किलोमीटरला दोन रुपये, किलोमीटरला पाच,
शहापूरच्या सोनाराचे दहा, पण दोनशे पुरे केले तरच;
आणि शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं,
चहाच्या गाड्यावरच्या मल्लव्वाचे पंचवीस पैसे.
'पन्नास रुपये झाले की ओ तिचे,' तो म्हणाला,
'एका सकाळचं दूध.'

अकरा पोरांच्या कानांतल्या मशिनींसाठी निघालो होतो आम्ही चौघं.
तसं म्हणायचं. खरं तर पहिल्याच चढाला
मी फक्त माझ्या गुडघ्यांसाठी चालले होते.
रविवार धरून बँकेतनं तीन दिवसांची सुटी, लेकाची सायकल,
सीट इतकी उंच
की उतरायचं तर आधी बांध शोधायचा.

चिकोडीच्या पुढं मेल्विन समजावत होता गिअर म्हणजे काय.
शिवलीला, सिव्हिलमधली नर्स, ऐकत नव्हती.
ती गात होती, अर्धं कानडी, अर्धी धाप.
मागनं उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या,
स्पीकरवर गाणं असं की फासळ्या थरथरल्या.
ड्रायव्हरनं हातानंच विचारलं, कुठं, कशाला.
आम्ही कान दाखवले.
त्याला काय समजलं देव जाणे, त्यानं गाणं बंद केलं,
पुढं जाऊन थांबला,
आणि चार ऊस उपसून दिले.

हुक्केरीच्या अलीकडं मैलाचा दगड:
गावाचं नाव एकदा डांबरानं, एकदा चुन्यानं
दोन्ही लिप्यांतनं गेलेलं.
आकडा तेवढा शिल्लक.
पोटऱ्यांना आकडाच हवा होता.

रात्री मठाच्या पडवीत पंगत.
भाकरी, एण्णेगाय, शेंगाची चटणी.
मी साकु साकु म्हणत राहिले,
वाढणाऱ्या म्हातारीनं ते कुठल्याच भाषेत ऐकलं नाही.

अंकलगीच्या पुढं भरमाण्णाला त्याच्या मेहुण्याचा रस्ता आठवला.
कालव्याच्या कडेनं, बाभळीचे काटे, तीन पंक्चर,
आणि मेहुणा घरी नाही.

बेळगावात आमच्याच गल्लीतनं गेलो.
नवरा दारात उभा होता. हात केला त्यानं,
पाहुण्याला करावा तसा.

खानापूरला माती लाल झाली
आणि भरमाण्णा बोलायचा थांबला.
त्याची कौलांची भट्टी इथंच कुठं तरी
थंड होऊन पडलेली.

नंदगडला शाळेच्या फाटकात मीटर बघितला:
एकशे शहाण्णव.
मेहुण्याच्या रस्त्यानं चार खाल्ले होते.
'सोनाराला कोण सांगतंय?' शिवलीला.
'सोनाराला नाही ओ,' वही उराशी धरून भरमाण्णा,
'मल्लव्वाचा एक रुपया जास्तीचा होतोय की.'

तर मैदान. दोनशे मीटरचं, मेल्विननं पावलांनी मोजलं.
वीस फेऱ्या.
दिवस कलला होता, व्हॉलीबॉलच्या खांबाची सावली
प्रत्येक फेरीला चाकाखाली येत होती.
पोरं पायऱ्यांवर. आधी हसली.
मग दोन वेण्यांची एक मुलगी खांबाशी येऊन उभी राहिली,
आणि आम्ही समोरनं गेलो की एक बोट उघडायची.
दहा झाल्यावर
तिनं शेजारच्या पोराचे हात उसने घेतले.

विसाव्या फेरीला चार तळवे वर, सगळी बोटं ताठ.
पायऱ्यांवर पोरं पाय आपटत होती.
फळ्यांचा व्हरांडा, जुना.
तो दणका मला हँडलमधनं कळला, मग कानांनी.

मेल्विन उतरला. शिवलीला उतरून आडवीच झाली.
भरमाण्णा वहीत काही तरी लिहीत होता, पेन्सिलीनं.
मला उतरायला बांध नव्हता.
म्हणून घेतली एकविसावी, कुणाच्याच पैशाची नाही.
ती मुलगी तशीच उभी,
पोराचे हात धरून,
इकडं तिकडं बघत,
आणखी एक बोट कुठं मिळतंय का.