सहा सेकंद

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत
सुपडूनं स्टुडिओ आवरायला काढला
तेव्हा हा फ्लॅश मी बावीसशेला उचलला.
कंपनी कुठली, अक्षरं पुसलीयेत.
पेन्सिल सेल चार खातो.
पायाला चीर होती, ती मी फेविक्विकनं भरली.
सुपडू म्हणाला, भो, याची मान वळते,
पैसे त्या मानेचे.

तोवर माझ्याकडे कॅमेऱ्याच्या टाळूतला तो एवढासा,
टपकन उघडणारा, बेडकाच्या डोळ्यासारखा.
त्यानं पारोळा तालुक्यातली किती लग्नं
मी पिठात लोळवली असतील.
नवरदेवाच्या कपाळावर तेल,
विहीणबाईंच्या मागे भिंतीला चिकटून
आणखी एक विहीण, काळी, धारदार.
लोक अल्बम घेत, पैसेही देत,
आणि जाताना म्हणत, फोटो चांगलाय,
फक्त आमचा बापू बापूसारखा नाही आला.

पहिल्या रात्री ओट्यावर भरताचं वांगं ठेवलं.
समोरून मारला: हिरवी चपटी पुरी.
मग मान वळवून उजेड छताकडे धाडला.
तो वर गेला, चुन्याला टेकला,
आणि ओल्या फडक्यासारखा हलकेच खाली उतरला.
वांग्याला पाठ आली. पोट आलं.
देठावरचा काटासुद्धा दिसला.
बायको उठून आली,
म्हणाली, साखरपुडा लावताय का याचा?

पाव, निम्मा, अख्खा,
दुधाच्या मापासारखं त्याचं माप शिकलो.
आणि हेही, की उजेड जिथं जाऊन येतो
तिथलं काहीतरी अंगाला लावून येतो.
हिरव्या ऑइल पेंटच्या खोलीत
अख्ख्या वऱ्हाडाला कावीळ झाली.
गुलाबी हॉलमध्ये मुंजीचा मुलगा लाजल्यासारखा.
आता घरात शिरलो की
माणसांआधी छत बघतो.
यजमान म्हणतात, चहा घ्या. मी वर बघतच हो म्हणतो.

बोरीकाठच्या त्या गावात मात्र धाब्याचं घर.
सागाचे सर, त्यावर दोन पिढ्यांचा धूर.
उजेड वर गेला
आणि आलाच नाही.
दुसऱ्यांदा धाडला, तोही गेला.
हर्षाली खुर्चीवर, डी.फार्मची पोर,
स्थळासाठी फोटो, सुरतला पाठवायचा.
फुई दारात: पोर गोरी दिसाले पाहिजे बरं भाऊ.
गोरं करायचे माझे पन्नास रुपये जादा,
दरपत्रकावर तसं लिहिलंय मी,
माझ्याच अक्षरात.

मग काकांचं धोतर मागितलं, परीटघडीचं.
दोन पोरं स्टुलांवर चढली, चार टोकं ताणली,
घरात घटकाभर पांढरं छत आलं.
पहिला फोटो काढला.
हनुवटी वर, ओठ मिटलेले, डोळे सुरतेकडे.
जसा असतो तसा.

आता स्वस्त फ्लॅशची गोष्ट सांगतो.
महागडा लगेच पुन्हा तयार.
हा सहा सेकंद घेतो.
चीं करत बसतो, डासासारखा,
तोवर लाल दिवा लागत नाही
आणि मी नुसता उभा.
त्या सहांत डावीकडच्या पोराचा हात खचला,
धोतराचं टोक फुईच्या डोक्यावर,
वर धर ना रे, तुना हात दुखतस का?
असं ती आतूनच ओरडली, पांढऱ्या भुतासारखी.
हर्षाली तिकडे वळली.
पोरांनी धोतर ताणलं.
दिवा लागला.

कॅमेऱ्याच्या पाठीवर तिनं बघितलं.
कपाळ, गाल, नाकाची बाजू,
भाजल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तिचा रंग,
कुठेही न पुसलेला, कुठेही न करपलेला,
आणि दात दिसताहेत.
खूप वेळ बघितलं.
हाई मीच शे, म्हणाली.
विचारलं नाही. म्हणाली.

सुरतला पहिला गेला, पन्नास रुपये जादा देऊन.
फुईनं नोटा मोजून दिल्या.
दुसऱ्याची एक कॉपी हर्षालीनं
आठ दिवसांनी स्टुडिओत येऊन नेली,
वीस रुपये, सुट्टे, स्वतःच्या पर्समधले.
पाकीट नको म्हणाली.
औषधांच्या जाड पुस्तकात घातली, आणि बस चुकेल म्हणून
धावत गेली.

मी सेल बदलले.
दरपत्रक अजून तसंच आहे.