रात्रभर बादलीत

सांजो गावात, नदीकडच्या गल्लीत,
इकाराशींच्या दुकानात
पहिली दोन वर्षं मी पात्याला हात लावला नाही.
मला मिळाली होती एक निळी बादली.

"भिजव," म्हणाले, आणि वळले आपल्या विळ्यांकडे.

खरबरीत विटकरी निसणा पाण्यात सोडला
की आधी कुरकुरतो.
कडेकडेने सुटते बारीक बुडबुड्यांची माळ,
मग मधूनच एखादा मोठा,
झोपेत कुणी सुस्कारा टाकावा तसा.
बुडबुडे थांबले की समजायचं, पोट भरलं.
वीस मिनिटं. थंडीत जरा जास्त.
मी घड्याळ बघायचे.
ते पाठमोरेच म्हणायचे, "झालं."

मधला पिवळा, तोही तसाच पिणारा.
पांढऱ्याचं मात्र वेगळं:
त्याला बादलीत घालायचं नाही,
नुसता ओला हात फिरवायचा,
तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतात तसा.
जास्त प्याला तर मऊ पडतो,
आणि वाळताना त्याच्या अंगभर
केसाएवढ्या रेघा उमटतात.
त्या मी एकदा उमटवल्या होत्या.
त्यांनी तो दगड दाराशी ठेवला, महिनाभर,
येताजाता मला दिसावा म्हणून.

संध्याकाळी सगळे धुवायचे,
फळीवर कडेवर उभे करायचे,
एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत.
ऊन नको. शेगडीची धग नको.
सावलीत, आपल्या मनाने वाळू द्यायचे.

सर्वात वरच्या फळीवर राखी दगड,
डोंगरातून काढलेला, त्यांच्या सासऱ्यांचा.
ती खाण कधीच बुजली.
पदरापदरांत पाणी शिरू नये म्हणून
चारी बाजूंना काळ्या रोगणाचे हात.
तो मी फक्त पुसायचे,
तेही कोरड्या फडक्याने.

मग तो जानेवारी.
मासे कापायचं लांब पातं घेऊन
मासुनागा आला, दुकान बंद व्हायच्या वेळेला.
त्यांनी राखी दगड खाली काढला.
शेवटचे चार हात राहिले होते
आणि फोन वाजला: शिगेनोबाई बर्फावर घसरल्या, उठत नाहीत.
"आवर गं," एवढंच म्हणाले,
एका पायात जोडा, दुसरा हातात.

मी आवरलं.
मासुनागाला पातं दिलं, दिवे मालवले,
आणि घाईत, काय मनात होतं कोण जाणे,
सगळेच दगड बादलीत टाकले.

रात्री उणे नऊ.

सकाळी बादलीचा एकच गोळा झालेला,
निळं प्लॅस्टिक पोटाशी फुगलेलं.
कोमट पाणी ओतत बसले, थोडं थोडं.
विटकरी निघाला साबूत.
पिवळ्याचा कोपरा गेला.
पांढऱ्याकडे मी बघितलंच नाही.
राखी हातात आला, आणि हातातच
त्याचे पदर सुटले,
एकावर एक, आवाज न करता.

मी ते पदर सावलीत मांडले.
दुसरं काही मला शिकवलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी ते आले.
शिगेनोबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं, त्या जेवत होत्या.
फळीकडे बघितलं.
दिवसभर विळे, कात्र्या, एक कुदळ. शब्द नाही.
मी दोनदा तोंड उघडलं.

अंधारताना त्यांनी सगळ्यात पातळ पदर उचलला,
नखाएवढा तुकडा मोडून घेतला,
पाठीला कागद चिकटवला रोगणाने.
तो वाळायला आठ दिवस लागले.
त्या आठ दिवसांतही काही बोलले नाहीत.

नवव्या दिवशी: "हिगुची, अंगठा."
तुकडा माझ्या अंगठ्याखाली ठेवला,
पाण्याचा एक थेंब,
आणि समोर मासुनागाचं पातं.
"दाबू नकोस. मी करायचो तसंही करू नकोस,
माझा अंगठा जाड आहे."

पोलादावर धुकं उतरत गेलं,
माझ्या श्वासाने की दगडाने, कळेना.

आता दुकान माझ्याकडे आहे.
त्या राखी दगडाचे अकरा तुकडे उरलेत, गोळ्यांच्या डबीत.
थंडीत रात्री मी एकदा उठते,
दिवा न लावता मागच्या दाराशी जाते,
बादलीचा तळ वर आहे ना,
हात लावून बघते.