टाकी क्रमांक एकशे बारा

अँटोफगास्ताच्या मागे, वाळवंटात,
जिथे ढगसुद्धा कायमच्या रजेवर,
तांब्याच्या कारखान्यात टाक्यांच्या रांगा आहेत.
आत निळंशार पाणी दिसतं.
पाणी नव्हे ते. बोट बुडवू नका.

ओर्तेन्सिया कोल्के रात्रपाळीत
काठाकाठाने फिरते, हातात शंभर पेसोचं नाणं.
टक्. टक्.
भिंत भरीव असली की आवाज लगेच मिटतो,
पोकळ असली की रेंगाळतो.

वडिलांच्या वेळी भिंती सिमेंटच्या होत्या,
आतून शिशाचं अस्तर.
अस्तराला टाचणीएवढं भोक पडलं
की आम्ल शिरायचं चुन्याचा माग काढत.
सिमेंट पांढरं पडायचं, फुगायचं, भुगा व्हायचं,
आणि खडी उघडी पडायची
बोळक्यात उरलेल्या दाढांसारखी.

एलेउतेरियो कोल्के. एकतीस वर्षं
टाक्यांवरची वाफ गिळत उभे.
मुखवटे द्या, पंखे बसवा, म्हणून
साहेबांपुढे त्यांनी दातांच्या कण्या केल्या.
खरोखरच्या कण्या:
पुढचे चार झिजत झिजत हिरडीला टेकले.

नव्या टाकीत सिमेंट नाही. पाण्याचा थेंब नाही.
गारगोटीची वाळू, गारगोटीचेच खडे,
आणि मधासारखी ओघळणारी राळ,
जी साच्यात स्वतःच तापली, थिजली,
आणि पुन्हा कुणासाठी विरघळली नाही.
आम्ल येतं, भिंत चाचपतं,
चुन्याचं घर कुठलं म्हणून विचारतं.
त्या नावाचं इथे कोणी राहत नाही.

सतरा वर्षं झाली. त्याची डाळ शिजलेली नाही.

एकशे बाराच्या कोपऱ्यात मात्र
केसाएवढी रेघ.
आम्लाने पाडलेली नव्हे;
मंगळवारी क्रेनवरून तांब्याचा पत्रा निसटला होता.
ओर्तेन्सिया खडूने गोल करते, वहीत नोंद करते.
माणसाचा धक्का, असा रकाना
छापील तक्त्यात नाही.
ती समासात लिहिते.

पहाटे घरी येते तेव्हा वडील झोपलेले,
गाल आत गेलेले.
उशाशी पेल्यात कवळी.
टाक्या बदलल्यावर अकरा वर्षांनी मंजूर झालेली,
तीही राळेचीच, गुलाबी,
साच्यातून आत्ताच काढल्यासारखी.

खिशातलं नाणं काढून
ती पेल्यावर हलकेच वाजवते.
सवयीने.
टक्.

आवाज बराच वेळ रेंगाळतो.